तिथी चुकलेले पाहुणे

कुणकेश्वरला चाललोय असं पुण्यात ज्याला ज्याला सांगितलं, त्याने मला भलतीकडेच धाडलं. ऑफिसातल्या एकाने अलिबागजवळच्या कनकेश्वराच्या पायऱ्यांचं इतकं रसभरीत वर्णन केलं की ऐकूनच माझे गुडघे बोलायला लागले. मेहुणा म्हणाला, "हां, कुणकेरी! सावंतवाडीकडची. पण तिथला हुडोत्सव शिमग्यात असतो, तू आत्ता जाऊन काय करणार?" सासूबाईंना मात्र बरोबर ठाऊक होतं. "कुणकेश्वर म्हणजे दक्षिण कोकणची काशी," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे आपादमस्तक बघून, "इतक्या लवकर?"

तर कुणकेश्वर देवगड तालुक्यात आहे. कोल्हापूरवरून गगनबावडा, घाट उतरून वैभववाडी, तळेरे, नांदगाव आणि मग जामसंडे-देवगडच्या दिशेने. शेवटी रस्ता एका वळणावर खाली झुकतो आणि माडांच्या शेंड्यांवरून आधी देवळाचं शिखर दिसतं, मग समुद्र. देऊळ समुद्राला इतकं खेटून आहे की उधाणाच्या दिवशी लाटाच दर्शनाच्या रांगेत उभ्या असतील असं वाटावं.

आम्ही राहायची जागा निवडली ती फोटो बघून. फोटोत कौलारू घर होतं, सारवलेलं खळं, मध्ये तुळस, पडवीत झोपाळा, आणि एका कोपऱ्यात पेटलेली चूल. बायको म्हणाली, "बघ ना, किती अस्सल!" अस्सल हा शब्द आम्ही शहरातले लोक तूप, हापूस आणि दुसऱ्याची घरं या तिन्हींच्या बाबतीत वापरतो. स्वतःच्या घराला कोणी अस्सल म्हणत नाही. स्वतःच्या घराला आपण 'दोन बीएचके' म्हणतो.

शनिवारी रात्री पोचलो. फोटोतलं घर होतं, अगदी जसंच्या तसं. पण त्यात काका, काकू आणि काकांची ऐंशीच्या पुढची आई राहत होती. आमच्यासाठी शेजारी नवी इमारत होती. वर स्लॅब, खाली चकचकीत टाईल, भिंतीला गुलाबी रंग, टीव्ही, आणि छताला तारे चमकणारं पीओपी. काकांनी एकेक दिवा लावून दाखवला. टाईलवर त्यांनी अनवाणी पाय घासून दाखवला. "मुंबयकार येतले म्हणान मुद्दाम बसयल्यो," ते म्हणाले. आम्ही पुण्याचे, पण घाट उतरला की हा फरक पुसला जातो.

बायकोने चाचरत विचारलं, "त्या... पलीकडच्या घरात नाही का राहता येणार?"

काकांनी आमच्याकडे पाहिलं. दोन बरी शिकलेली माणसं, स्वतःची गाडी घेऊन चारशे किलोमीटर आलेली, एसीची खोली सोडून गळक्या कौलांखाली झोपायला मागतात म्हणजे घरात काहीतरी बिनसलं असणार, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला. "थंय?" ते म्हणाले. "थंय आमी रवतोव."

यात त्यांची काहीच चूक नव्हती. सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला १९९७ साली. पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजनाही आली, म्हणजे आपल्याच घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि सकाळी खायला घालायचं. किनाऱ्यावरच्या माणसाने विचार केला, शहरातला माणूस येणार, त्याला शहरासारखं द्यावं. शहरातल्या माणसाने विचार केला, गावात जायचं तर गावासारखं मिळावं. दोघांनी एकमेकांचा इतका विचार केला की टाईलवाल्याचं भलं झालं. आणि शेण काढून पहाटे खळं सारवावं लागत नाही त्यालाच सारवलेलं खळं सुंदर दिसतं, हे मला दुसऱ्या दिवशी काकूंच्या कमरेवरचा हात बघून समजलं.

त्या रात्री जेवायला वरण-भात आणि बटाट्याची भाजी होती. मासे नव्हते, कारण आम्ही आगाऊ सांगितलं नव्हतं. "उद्या," मी मनाला म्हणालो. मन समजूतदार होतं. त्याला उद्या कोणता वार, कोणती तिथी, याची कल्पना नव्हती.

शांतता हवी म्हणून आलो होतो. आता शांततेबद्दल सांगतो. रात्री समुद्राची गाज असते, ती धरायची नाही, तिचे तर पैसे दिलेले असतात. पण साडेअकराला आमच्या खोलीसमोरच्या पडवीच्या पत्र्यावर असा काही धडाका झाला की मी अंथरुणात उभा राहिलो. नारळ पडला होता. तो पत्र्यावरून गडगडत आला, कडेला क्षणभर थांबला, बहुधा आम्ही जागे झालो की नाही हे बघायला, आणि मग खाली धप्पकन गेला. पलीकडच्या घरातून म्हाताऱ्या आजींचा आवाज आला, "तिसरो." अर्ध्या तासाने लांबून कुठेतरी तसाच आवाज झाला. आजी झोपेतच म्हणाल्या, "तो आपलो न्हय." कोणत्या माडाचा नारळ कोणत्या जमिनीवर पडला हे ज्यांना अंधारात आवाजावरून कळतं, त्यांच्या शेजारी आम्ही फोन उशाशी ठेवून झोपलो होतो. त्यात झावळी पडल्याचा आवाज वेगळा, तो सरसरत येतो. पहाटे कोंबडा. कोंबड्यामागून पाण्याचा पंप. पंपामागून मिक्सर, कारण कोकणातल्या स्वयंपाकघरात उजाडण्याआधी नारळाचं वाटण व्हावंच लागतं. आमच्या सोसायटीसमोर मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा मी इतका वेळ जागा नव्हतो.

सकाळी चहा घेऊन खळ्यात आलो तेव्हा आजी खुर्चीत बसल्या होत्या आणि चौकशी समिती भरली होती. समितीत आजी, शेजारच्या दोन काकू, आणि काहीही कारण नसताना उभा असलेला सायकलवाला एक मुलगा.

"गाव खंयचो?" आजींनी विचारलं.

"पुणे."

"तां म्हायत आसा. गाव खंयचो?"

"कोथरूड," मी म्हणालो. मला वाटलं त्यांना नेमका भाग हवाय.

आजींनी मान हलवली. न समजणाऱ्या मुलाला समजावतात तशा हळू आवाजात म्हणाल्या, "कोथरूड हो गाव न्हय, बाबा. तो पत्तो झालो."

मी निरुत्तर झालो. बेचाळीस वर्षांचा माणूस, आधार कार्ड, पॅन कार्ड, गृहकर्ज सगळं कोथरूडच्या नावावर, आणि एका वाक्यात मी बेघर. बायकोने मदतीला येत सांगितलं की ह्यांचे पणजोबा राजापूर तालुक्यातले होते. हे ऐकताच समितीत चैतन्य पसरलं. कुठली वाडी? मला ठाऊक नव्हतं. कुळदैवत? ते ठाऊक होतं, पण कुठे आहे ते नव्हतं. घर अजून आहे? कोण राहतो? शेवटचे कधी गेलात? माझी मान खाली जात चालली. मी ज्या गावी शंभर वर्षांत गेलो नव्हतो ते सोडून दुसऱ्याच्या गावी पैसे देऊन राहायला आलो होतो, आणि वर तिथलं सारवलेलं खळं मागत होतो.

दुपारपर्यंत ही माहिती गावभर झाली. देवळाजवळच्या दुकानात नारळ घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "राजापूरचे मां तुमी? काकांकडे उतरलेले." पुढे तो म्हणाला, "टाईल बरी बसयल्यानी मां?" म्हणजे तोही त्या टाईल बघून गेलेला होता. आम्ही गाव बघायला आलो होतो आणि गावाचं आम्हाला बघून झालंसुद्धा होतं. आमचा एक फोटोही न काढता.

त्याआधी सकाळी न्याहारीला ब्रेड-आम्लेट आलं होतं. काकूंनी ब्रेड मुद्दाम जामसंड्याहून मागवला होता. मी धीर करून म्हणालो, "काकू, घावणे मिळतील का?" काकू लाजल्या. "घावणे काय देवचे पावण्यांका! ते आमीच खातोव." मागून तव्यावर घावणा पसरल्याचा चर्र आवाज येत होता. तांदळाच्या पिठाची जाळी, वर झाकण, वाफ, सगळं ऐकू येत होतं. आम्ही ब्रेड चावत ते ऐकलं.

पण ते आम्लेटही आमच्यासाठी अपवाद करून दिलेलं होतं, कारण रविवारी संकष्टी होती. घरात सगळ्यांचा उपास. त्यामुळे मासे नाहीत. आणि सोमवारी? काकूंनी माझ्याकडे पाहिलं. कुणकेश्वराच्या गावात, देवळाच्या सावलीत बसून, मी सोमवारी मासे मिळतील का विचारत होतो. मी प्रश्न मधेच चहात बुडवला.

आमच्या लक्षात आलं नव्हतं ते हे. आम्ही शनिवार-रविवार बघून आलो, सोमवारची रजा जोडून. पुण्याहून सुट्टी अशीच काढतात. पण इथे वार देवाचा असतो आणि तिथी समुद्राची. ऑफिसच्या कॅलेंडरला इथे कोणी विचारत नाही.

समुद्राचं तर ऐकाच. कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर खडकांत शिवलिंगं आहेत, ती ओहोटीच्या वेळी दिसतात. पांडवांनी ती घडवली असं सांगतात. काशीला १०८ शिवलिंगं आणि इथे १०७, एकाने कमी, म्हणून काशी ती काशी आणि हे कुणकेश्वर दक्षिण कोकणची काशी. मला ही गोष्ट फार आवडली. एका मार्काने पहिला नंबर हुकलेल्या पोराची कळ आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पांडवांसारखे पाच जण कामाला, त्यात एक भीम, आणि तरी एक राहिलंच. कोकणात घर बांधायला काढलेल्या कुणालाही विचारा, शेवटचं एक काम कसं राहतं ते.

ओहोटी कधी असते हे बघायला मी फोनवर एक ॲप उतरवून घेतलं. त्याने मला आधी गोव्याची वेळ दाखवली, मग पैसे मागितले. काका शेजारीच काहीतरी काम करत होते, त्यांनी वर न बघता विचारलं, "आज तिथ काय?"

"चतुर्थी."

"चार पाउणे तीन. तिनाक भरती. नवाक सुकती."

झालं. एवढंच. तिथीला पाऊणने गुणायचं, आली भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाउणे सहा, सहाला भरती आणि बाराला ओहोटी. वद्य असो की शुद्ध, हिशोब तोच, कारण चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा येतो आणि पाणी त्याच्या मागे. माझ्या आजोबांच्या शाळेत पाऊणकी, सव्वाकी, दिडकी असे पाढे घोकून घेत. ते कशाला, असं मी लहानपणी विचारत असे. आता कळलं, पण आता वाजले होते अकरा. ओहोटी होऊन दोन तास झाले होते.

सोमवारी पंचमी. पाच पाउणे पावणेचार, म्हणजे ओहोटी पावणेदहाला. यावेळी मी स्वतः हिशोब केला आणि साडेनवालाच पुळणीवर जाऊन उभा राहिलो. पाणी मागे सरलं, खडक उघडे पडले, शेवाळावरून दोनदा घसरलो आणि मला शिवलिंगं दिसली. पाच-सहा. बाकीच्यांची वाट बघत होतो तेवढ्यात जाळं खांद्यावर टाकून चाललेला एक म्हातारा थांबला. मी किती मोजली असं त्याने विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "पुनवेक येवक व्हया होता. नायतर अवसेक. तेव्हा सुकती सरळ लांब जाता. आता पाणी भांगाक लागला." म्हणजे वेळ बरोबर काढली तर तिथी चुकली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. मधल्या दिवसांत भांग, तेव्हा पाणी धड वर येत नाही की धड खाली जात नाही. सोमवारी सकाळच्या माझ्या कामाच्या उत्साहाला याहून चांगला शब्द मिळायचा नाही.

खरी गर्दीची तिथी पुढच्या आठवड्यात होती. महाशिवरात्र. तेव्हा इथे मोठी जत्रा भरते, आणि गावोगावच्या देवस्वाऱ्या येतात. म्हणजे त्या त्या गावचा देव वाजतगाजत, तरंगकाठ्या घेऊन, माणसांसह चालत कुणकेश्वराच्या भेटीला येतो आणि समुद्रात तीर्थस्नान करतो. देवळाच्या बाहेर मांडवाचे बांबू येऊन पडलेच होते. काका सांगत होते की पाहुण्या देवांच्या उतरायची, मानाची, पुढेमागे चालण्याची सगळी व्यवस्था ठरलेली असते. कोणाचा मान आधी, कोणाचा नंतर, हे पिढ्यांचं बुकिंग आहे. देवांनासुद्धा गाव विचारूनच आत घेतात. त्यांचं गाव मात्र त्यांना पाठ असतं.

आणि या किनाऱ्यावर बुकिंग न करता आलेला जो सगळ्यात नामांकित पाहुणा, त्याची गोष्ट आजींनी सांगितली. समुद्रावरून जाणारा एक परदेशी व्यापारी, कोणी इराणी म्हणतं, कोणी अरब. वादळात त्याचं जहाज सापडलं. काळोखात त्याला किनाऱ्यावर एक मिणमिणता दिवा दिसला. तिथे जो कोणी देव असेल त्याने तारलं तर त्याचं देऊळ बांधीन, असं तो बोलला आणि वाचला. त्याने देऊळ बांधलं. पण दुसऱ्या धर्माच्या देवाचं देऊळ बांधलं, आता आपली माणसं आपल्याला घरात घेणार नाहीत असं वाटून त्याने शिखरावरून खाली उडी घेतली. देवळाच्या जवळ त्याचं थडगं दाखवतात. दंतकथा आहे, इतिहासकार तिला मान हलवतील. पण मी ते थडगं बघायला गेलो तेव्हा कोणीतरी त्यावर ताजं फूल ठेवलेलं होतं. आजींना मी विचारलं, कोण ठेवतं? त्यांना प्रश्नच कळला नाही. "आमच्या गावात ऱ्हवलो मां तो," त्या म्हणाल्या.

देवळापासून जरा अंतरावर डोंगरात एक गुहा आहे. आत काळ्या दगडात कोरलेली बायका-पुरुषांची शिरं आहेत. नुसती शिरं, ओळीने. कोरीव केस, कोरीव डोळे. अंधारात टॉर्च टाकला तर सगळी आमच्याकडे बघत होती, आणि बायको हळूच म्हणाली, "आता हे पण विचारणार, गाव खंयचो."

सोमवारी संध्याकाळी काकांबरोबर बागेत फिरलो. कलमांना मोहोर होता. वासाने डोकं हलकं व्हावं असा. मी म्हणालो, "वा, काय मोहोर आहे!" काकांनी दचकून आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना. देवगडच्या बागायतदारासमोर मोहोराचं कौतुक करायचं नसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. "कसलो मोहोर," ते म्हणाले, "औंदा काय खरा नाय." मग मला कारणं ऐकायला मिळाली. थंडी उशिरा पडली. मळभ आलं की तुडतुडा. तुडतुड्यावर मारलं की थ्रिप्स. भुरी वेगळीच. मोहोर जास्त आला तर फळ धरत नाही, कमी आला तर प्रश्नच नाही. मार्चात उष्मा वाढला की गळ. मी विचारलं, "मग बरं वर्ष कोणतं होतं?" काकांनी बराच विचार केला. समुद्राकडे पाहिलं. "बाबा सांगत," ते म्हणाले, "एक होता."

मग त्यांनी मला विचारलं की पुण्यात पेटी काय भावाने मिळते. मी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सिंधुदुर्गही आला. पण आमच्या चौकात कर्नाटकातल्या आंब्यालासुद्धा 'देवगड' हेच नाव असतं. त्या आंब्याचा पत्ता देवगड असतो, गाव वेगळंच. हे मी काकांना म्हणालो तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर हसले. परत आल्यावर त्यांनी आजींना ते सांगितलं. आजीही हसल्या आणि म्हणाल्या, "ह्येंका आत बसवा."

आत म्हणजे पडवीत. झोपाळ्यावर. फोटोतल्या. दोन दिवस टाईलवर काढल्यावर आमची बढती झाली होती. खालची जमीन खरंच सारवलेली होती, गारवा पायातून वर येत होता, आणि कौलांतल्या एका काचेतून शेवटचं ऊन पडलं होतं. काकूंनी आतून काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि घावणे आणले. पाहुण्यांना द्यायचे नसतात ते. एक कौल खरोखरच फुटलेलं होतं, त्याखाली घमेलं ठेवलेलं होतं, पावसाळ्यातलं, फेब्रुवारी आला तरी उचललेलं नव्हतं. ते फोटोत दिसत नाही.

मंगळवारी सकाळी सामान गाडीत भरलं. हिशोब झाला, पाया पडून झालं, काकूंनी पिशवीत सोलं, नारळ आणि कोकमाची बाटली कोंबली. गाडी सुरू केली आणि पुळणीकडून काका धावत येताना दिसले. हातात वायरची पिशवी. "बांगडे इले!" ते ओरडले. "ताजे! जेवल्याशिवाय जावचा नाय!"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने मागच्या सीटवरच्या सामानाकडे पाहिलं. षष्ठी होती, मंगळवार होता, संकष्टी नाही, सोमवार नाही, चार दिवसांत पहिल्यांदा देव, वार आणि समुद्र तिघांचं एकमत झालं होतं. दुपारी तीनला माझी मीटिंग होती, गाडीत बसून फोनवर करणार होतो. मी इंजिन बंद केलं, पडवीत जाऊन झोपाळ्यावर बसलो आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, आज जमणार नाही. गावाला आहे."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग साहेब म्हणाले, "तुला गाव आहे?"

आजी खुर्चीतून खुणेने विचारत होत्या, कोण? मी फोनवर हात ठेवून सांगितलं, साहेब आहेत, ऑफिसातले. चुलीवर तिरफळाचा वास सुटला होता. आजी पुढे झुकल्या.

"तेंका इचार," त्या म्हणाल्या, "तेंचो गाव खंयचो."